फोन अजून आला नाही

इन्चार्ज सिस्टर त्या रात्री हॉस्पिटलात परत गेल्या त्या फक्त एक पट्टी हलवायला. दहा मिनिटांचं काम. त्यांनी आपलं ताट झाकून ठेवलं, लेकीला "आलेच" म्हणाल्या आणि चपला पायात सरकवल्या. मंगळवार होता, पावणेदहा वाजले होते, आणि बाहेर चांगलं टिपूर चांदणं पडलं होतं.

काकांनी गोष्ट काढली ती अशी, अगदी बिनबोभाट. जेवणं आटोपली होती. गॅलरीतला दिवा डासांमुळे सूनबाईने, पुतण्याच्या बायकोने, मालवला होता. मघापासून पुतण्या आपल्या नव्या नोकरीचं कौतुक सांगत होता. एका मोठ्या हॉस्पिटलच्या ऑफिसात तो लागला होता. ऑपरेशन थिएटरांचं वेळापत्रक कॉम्प्युटरवर बसवायचं, कोणता पेशंट कोणत्या खोलीत कधी घ्यायचा ते ठरवायचं, हे त्याचं काम. "काका, आता एक मिनिट वाया जात नाही," तो म्हणाला होता. "नव्वद टक्के खोल्या भरलेल्या. मिटिंगमध्ये टाळ्या पडल्या."

काकांची उभी नोकरी थिएटरात गेली होती, भुलीच्या यंत्रापाशी. टाळ्यांचं ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या नसलेल्या सोग्याला पुसल्यासारखं केलं, आणि मग डोळ्यांवर चढवलाच नाही.

"टाळ्या आमच्याकडेही पडायच्या," ते म्हणाले. "त्याचीच गोष्ट सांगतो, साहेब."

पुतण्याला ते एरवी साहेब म्हणत नसत.

"भुताची आहे का?" सूनबाईने विचारलं.

"ते तू ठरव. माझ्या ओळखीच्या बाईंच्या बाबतीत घडलेली आहे. त्या आहेत अजून, धडधाकट आहेत. मात्र जाऊन विचारू नकोस. तोंडावर दार लावतील."

आणि मग काका सांगू लागले.

थिएटरच्या दाराशी एक पांढरा लोखंडी फळा होता. कॉम्प्युटरात काहीही असो, सकाळी सगळे बघायचे तो फळा. प्रत्येक पेशंटची एक पट्टी, मागे चुंबक. वरची पट्टी म्हणजे पहिलं ऑपरेशन, खालची म्हणजे शेवटचं. त्या पट्ट्या लावायचा अधिकार इन्चार्ज सिस्टरांचा, आणि त्या हलवायचा हुकूम सरांचा. सर म्हणजे तिथले सगळ्यात मोठे सर्जन. हात सोन्याचा, हे काकाही कबूल करत. पण सरांना घड्याळ वाचता येत नव्हतं. कुठलंही ऑपरेशन असो, सर लिहून द्यायचे, पाऊण तास. दोन तास लागणारं असलं तरी पाऊण तास. म्हणजे मग दिवसात दोन पेशंट जास्त बसतात, फळा गच्च दिसतो, महिन्याच्या मिटिंगमध्ये तक्ता रंगीत दिसतो.

"आणि संध्याकाळी काय होतं?" काकांनी पुतण्याला विचारलं.

"उशीर होतो. शेवटचा पेशंट उद्यावर जातो."

"उद्यावर जातो. आणि उद्या कुठे लागतो?"

पुतण्या बोटांवर मोजायला लागला.

"शेवटी लागतो," काका म्हणाले. "कारण वरच्या जागा सरांच्या माणसांच्या. आणि तुमच्या त्या तक्त्यात तो राहिलेला पेशंट दिसतच नाही, कारण दुसऱ्या दिवशी तो नवा म्हणून चढतो. खोली भरलेली. पेशंट उपाशी."

उपाशी हे काकांनी असं म्हटलं, की सूनबाई पाय वर घेऊन बसली.

ऑपरेशनचा माणूस रात्रीपासून उपाशी लागतो. पाण्याचा थेंबसुद्धा चालत नाही, भूल देताना उलटी झाली तर जीव जातो. त्यामुळे ज्याचा नंबर शेवटी, तो दिवसभर कोरडा. संध्याकाळी त्याचं रद्द झालं की थिएटरमधून सिस्टरांनी वॉर्डात फोन करायचा, "आज नाही, जेवायला द्या." तो फोन आला की मगच वॉर्डातली नर्स पाणी देणार. देवासाठी माणूस उपास करतो त्याला दिवस असतो, सुटायची वेळ असते, सोडताना घरचं कोणीतरी समोर बसलेलं असतं. इथे सुटका त्या एका फोनवर.

बायकांच्या वॉर्डात शेवटच्या खाटेवर एक बाई होत्या. बसस्टँडवर तिकीट खिडकीत बसायच्या, म्हणून सगळे त्यांना तिकीटबाई म्हणत. पित्ताशयात खडे. संध्याकाळमागून संध्याकाळ त्यांचं रद्द होत होतं. सिस्टर सकाळी राउंडला गेल्या की त्या विचारायच्या, "आज आहे ना माझा नंबर?" सिस्टर म्हणायच्या, "आज नक्की." तिकीटबाई हसायच्या. "जन्मभर मी लोकांना सांगत आले, थांबा, पुढची गाडी येईल. आता माझ्यावर उलटलंय बघा."

एका संध्याकाळी पुन्हा त्यांचंच रद्द झालं. त्या दिवशी सिस्टरांचं डोकं फिरलं. त्या सरांशी भांडल्या, दाराबाहेर ऐकू जाईल इतकं भांडल्या. "माणसं आहेत सर ती, पट्ट्या नाहीत." सर हात धूत होते. म्हणाले, "तुम्हाला थकवा आलाय. घरी जा." सिस्टर तरातरा घरी गेल्या.

"रागाच्या भरात फोन करायचा राहिला," काका म्हणाले.

वॉर्डात तिकीटबाईंनी रात्री पाणी मागितलं. नर्सने सांगितलं, "फोन अजून आला नाही, मावशी. थोडं थांबा." त्यांनी थांबायचं ठरवलं. शहाण्या बाई होत्या, नियम पाळणाऱ्या. पहाटे आत पित्ताशय फुटलं आणि उजाडायच्या आत सगळं संपलं. ओठ वाळून पापडासारखे झाले होते. जेवल्या असत्या तरी वाचल्या नसत्या, हे सिस्टरांना कळत होतं. त्या कळण्याचा काही उपयोग होत नव्हता.

सरांनी कागदावर लिहिलं, आकस्मिक. मिटिंग झाली. तक्ता रंगीत होता.

"आणि टाळ्या?" पुतण्याने हळूच विचारलं.

"पडल्या."

खाली रस्त्यावरून एक स्कूटर गेली. तिचा आवाज विरला तसं काकांनी पुढचं काढलं.

त्यानंतर दोन आठवडे गेले असतील. पुरुषांच्या वॉर्डात एक रंगारी होता, घरांना रंग देणारा. हर्निया अडकत होता त्याचा. हाही रोज शेवटचा, रोज रद्द. गडी विनोदी. पोटावर हात ठेवून म्हणायचा, "सिस्टर, आतलं प्लास्टर सुटलंय, नुसता वरून रंग मारून भागायचं नाही." पण मंगळवारी दुपारी त्याचे विनोद बंद झाले. पोट फुगायला लागलं. सिस्टरांनी संध्याकाळी कोणालाही न विचारता त्याची पट्टी उचलली आणि उद्यासाठी सगळ्यात वर लावली.

आणि रात्री जेवायला बसताना सरांचा फोन. "उद्या पहिला ट्रस्टींचा मेहुणा. पाठीवरची गाठ आहे, पाऊण तासाचं काम. रंगाऱ्याला खाली घ्या."

पाठीवरची ती गाठ चरबीची होती, साधी. बारा वर्षं तिथेच बसून होती. आणखी बारा बसली असती.

सिस्टर म्हणाल्या, "सर, तो फुगलाय."

सर म्हणाले, "पट्टी हलवा."

फोनवर रात्रपाळीला सांगून भागलं असतं. पण ते वाक्य आपल्या तोंडून दुसऱ्या कोणी ऐकू नये, म्हणून त्या स्वतः निघाल्या.

थिएटरच्या मजल्यावर अर्धे दिवे बंद होते. रात्रीची माणसं पलीकडे बाळंतपणाच्या खोलीत अडकलेली. इकडे कोणी नाही. सिस्टर फळ्यापुढे उभ्या राहिल्या. मेहुण्याची पट्टी लिहून वर चढवली, रंगाऱ्याची वरून काढली. तळाशी लावली.

पट्टी खाली पडली.

उचलली, पुन्हा लावली. पुन्हा पडली. मागचं चुंबक बघितलं. चांगलं होतं. दुसरीकडे चिकटत होतं. तळाशी मात्र नाही.

सिस्टर भुताखेताला भिणाऱ्या नव्हत्या. मेलेली माणसं त्यांनी आपल्या हातांनी धुतली होती. त्या पट्टीवर चिडल्या. तिसऱ्यांदा लावून वर तळहात दाबून धरला. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला.

बायकांच्या वॉर्डातून. रात्रपाळीची नवी मुलगी, त्याच आठवड्यात लागलेली.

"सिस्टर, पेशंट पाठवलाय खाली."

"कोणता पेशंट? आत्ता कुठलं ऑपरेशन?"

"शेवटच्या खाटेचा. तुम्हीच आत्ता फोन केलात ना."

"मी नाही केला."

मग मुलगी म्हणाली, "तुमचाच आवाज होता."

"शेवटच्या खाटेवर आहे कोण सध्या?"

चपला वाजत गेल्या. चपला वाजत परत आल्या. श्वास ऐकू आला.

"सिस्टर... खाट रिकामी आहे. गादी गुंडाळलेली आहे."

"मग पाठवलंस कोणाला?"

"मी... लिफ्टपर्यंत ट्रॉली मीच ढकलली, सिस्टर. जड होती."

फोन तसाच लोंबकळत राहिला.

लिफ्ट खाली येत होती. घरघर. थांबली. दार उघडलं. कोणी बाहेर आलं नाही. दार मिटायला लागलं, कशावर तरी आपटलं, उघडलं. पुन्हा मिटलं, आपटलं, उघडलं. धप्प... धप्प... धप्प...

सूनबाईने पुतण्याचा दंड धरला. काका बोलायचे थांबले नव्हते, पण आवाज खाली गेला होता.

सिस्टर वळल्या. जावं लागलं. पेशंट आला की त्याला दारात ठेवायचं नाही, ही हाताला लागलेली सवय. लिफ्टच्या दारात ट्रॉली अडकली होती. वर पांढरी चादर. चादरीखाली कोणीतरी.

त्यांनी ट्रॉली ओढली.

जड होती.

फळ्यासमोर आणून लावली. चाकाचा ब्रेक पायाने दाबला. चेहरा पलीकडे वळलेला. डोक्याला थिएटरची हिरवी टोपी. ओठ दिसत होते. तेवढेच दिसत होते.

वाळलेले.

"आज आहे ना माझा नंबर?"

सिस्टरांनी चादरीकडे बघितलं.

"मी काही खाल्लं नाही बरं का."

...

"पाणीसुद्धा नाही."

...

"त्या म्हणाल्या, फोन अजून आला नाही."

आवाजात तक्रार नव्हती. तेच सोसवेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सिस्टर पुढे काकांना म्हणाल्या. नियम पाळून कोणीतरी अजून थांबलं होतं. जीव गेला तरी उपास सुटला नव्हता, कारण सोडायचं कोणी सांगितलंच नव्हतं.

सिस्टरांनी ट्रॉलीचा कठडा धरला. थंडगार.

"नंबर लागला नाही," त्या म्हणाल्या. "खोटं बोलत होते मी. रोज. फोनही मीच करायचा होता. नाही केला."

चादर हलली नाही.

"आज नाही. जेवून घ्या."

त्या आत गेल्या. स्टाफच्या खोलीत थर्मासमध्ये संध्याकाळचा चहा होता, कोमट. डब्यात एकच बिस्किट उरलेलं, वर साखर पेरलेलं. ओतताना निम्मा चहा बशीत गेला. कप आणि बिस्किट त्यांनी ट्रॉलीवर, उशाजवळ ठेवलं. आणि पाठ फिरवली. जेवणाऱ्याकडे टक लावून बघू नये म्हणून, की बघवेना म्हणून, कोण जाणे.

तेव्हा त्यांचा मोबाईल वाजला. सर.

"झालं का?"

सिस्टर फळ्याकडे बघत होत्या. भीती होतीच, पण तिच्या खालून काहीतरी वर आलं. दोन आठवडे दाबून ठेवलेलं.

"नाही झालं. रंगारी पहिला राहील."

"मी काय सांगितलं तुम्हाला?"

"तुम्ही पाऊण तास सांगितलं, सर. तुम्ही नेहमीच पाऊण तास सांगता. तुमच्या पाऊण तासात एक बाई तहानेली मेली. मेहुण्यांना म्हणावं, गाठ घेऊन निवांत झोपा."

"सिस्टर, नोकरी करायची आहे ना?"

मागे कपाची बशीवर किणकिण झाली.

मग बिस्किट मोडल्याचा आवाज. बारीक. कट्ट.

सिस्टर मागे वळल्या नाहीत.

"तिथे कोण आहे?" सरांनी विचारलं.

"पेशंट आहे."

"या वेळी? कोणता पेशंट?"

"तुम्ही ओळखाल. देऊ का फोन?"

सर श्वास घेत होते तेवढं कळत होतं. मग सिस्टरांच्या खांद्यामागून, अगदी कानाजवळून, हळू आवाजात कोणीतरी एक शब्द बोललं. काय, ते सिस्टरांना कळलं नाही. सरांना कळलं असावं. फोन बंद झाला.

सिस्टरांनी रंगाऱ्याची पट्टी वर लावली. चिकटली. मेहुण्याची काढून खिशात टाकली. वळल्या तेव्हा ट्रॉलीवर चादर सपाट होती, सुरकुतीसुद्धा नाही. कप रिकामा. बशीत एक कण नाही. लिफ्टचं दार मिटलेलं.

काका थांबले.

"मग सकाळी?" पुतण्याने विचारलं.

सकाळी सर वेळेवर आले. पहिल्यांदाच. चेहरा राखेसारखा. फळ्याकडे बघितलं, वरची पट्टी वाचली, एक शब्द बोलले नाहीत. रंगाऱ्याला घ्यायला त्यांनीच माणूस पाठवला. पोट उघडलं तर आतडं निळं पडलेलं, अजून काळं झालं नव्हतं. सरांनी ते सोडवलं, कोमट पाण्याच्या घड्यांत धरून ठेवलं, आणि सगळे बघत उभे राहिले. हळूहळू गुलाबी झालं. दुपारपर्यंत थांबवलं असतं तर कापून फेकावं लागलं असतं, आणि मग रंगारीही बहुतेक गेला असता. दोन तास दहा मिनिटं लागली. सरांनी कागदावर दोन तास दहा मिनिटं लिहिलं.

त्या दिवसापासून तिथे पहिली जागा कोणाच्याच नावावर नसायची. काल राहिला त्याची. कोणी राहिलाच नसला तर खोली रिकामी. ट्रस्टी ओरडले, मेहुणा ओरडला. सिस्टर म्हणायच्या, "रिकामी दिसत असेल तुम्हाला." सर मध्ये बोलायचे नाहीत. आणि संध्याकाळी शेवटचा पेशंट रद्द झाला की सिस्टर नुसता फोन करायच्या नाहीत, वर वॉर्डात जाऊन समोर उभ्या राहायच्या, पहिला घास पोटात जाईपर्यंत.

"सिस्टरांना भास झाला असेल, काका," पुतण्या म्हणाला. पण वाद घालायला म्हणून नाही. कोणीतरी हो म्हणावं म्हणून. "आधीच मनाला लागलेलं, त्यात रात्र. चहा त्यांनी स्वतःच प्यायला असेल, बिस्किटही."

"मीही तेच म्हटलं असतं," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"रंगाऱ्याला भूल द्यायला त्या सकाळी मीच होतो. बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावायचा होता. डावा हात सलाईनमध्ये, म्हणून उजवा घेतला. मूठ मिटलेली. म्हटलं, गड्या, सोड की. म्हणाला, 'पहाटे कोणी बाई येऊन देऊन गेली. म्हणाली, आत्ता नाही हं, शुद्धीवर आलास की खा.' त्याला वाटलं आमचीच कोणी नर्स. मी बोटं एकेक करून उघडली."

काकांनी अंधारात आपला हात पुढे धरला, तळवा वर करून.

"अर्धं बिस्किट. साखर पेरलेलं. दातांनी तोडलेलं नव्हतं. हातानं मोडलेलं होतं, नीट मधोमध, घरात दोन लेकरं असली की आई वाटून देते ना, तसं."